एक काना जास्त

सायकलची घंटी दारात वाजली की अजूनही माझ्या कपाळाला आधी आठी पडते आणि मग मी उठते. आमच्या व्याकरणाच्या सरांनी लावून ठेवलेली ही खोड.

सर कोणाच्याही दारात आले की कडी वाजवत नसत, हाक मारत नसत. सायकलची घंटी वाजवायचे. आतून कोणी विचारलं, "कोण?" की पुन्हा घंटी. अहो, देवानं तोंड दिलंय ना? "मी आलो" म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण नाही. दार उघडलं की चपला काढता काढता सांगायचे, "बाई, माझं येणं झालं." जसं काही सर वेगळे, त्यांचं येणं वेगळं, आणि दोघं एकाच सायकलवर डबलसीट बसून नाचणगावहून पुलगावला आलेले.

पुलगावच्या एका शाळेत आम्ही बरोबर होतो. मी भूगोल शिकवत असे, सर मराठी. मराठीतही धडे-कविता दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या. सरांकडे फक्त व्याकरण, पाचवीपासून दहावीपर्यंत. माणूस लग्नाचा राहिलेला, घरी म्हातारी आई, भावाचं किराणा दुकान. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, मिशी सफाचट आणि खिशात दाढीचं अर्धं ब्लेड, कागदात गुंडाळलेलं. पोरांच्या वह्यांतला चुकीचा काना किंवा वेलांटी त्या ब्लेडनं अशी खरवडायचे की कागदाला ओरखडा नाही. खोडणं त्यांना आवडत नसे. म्हणायचे, "खोडलं का चूक दुप्पट दिसते."

पण बोलणं! साधी गोष्ट सरळ सांगतील तर शपथ. एकदा तापानं फणफणले आणि हेडमास्तरांना शेजारच्या पोट्ट्याबरोबर निरोप पाठवला, "तापाचं येणं झालं असल्यामुळे आज माझं येणं होणार नाही." हेडमास्तर त्या पोरावरच ओरडले, "अरे, कोण येऊन राह्यलं अन कोण नाई, एकदा नीट सांग ना बाप्पा!" स्नेहसंमेलनात माइकसमोर गेले की सुरुवात ठरलेली: "आपल्यासमोर उभं राहण्याचा योग आला आहे." बसताना, "आता माझं बसणं इष्ट." पोरं खाली हसून हसून लोळायची. आम्ही समजत होतो की व्याकरण शिकवून शिकवून सरांच्या डोक्यात काहीतरी अडकलंय.

आणि फाटकाचं नाटक तर रोजचं. मिलचा भोंगा झाला की सर शाळेच्या फाटकाशी येऊन थांबायचे. फाटक उघडं असायचं. तरी आत येत नसत. घंटी वाजवायचे. मग आमचा म्हातारा शिपाई स्टुलावरून उठून ओरडायचा, "सर आले होऽ!" हे ऐकल्यावर सर सायकल आत घ्यायचे. शिपाई कुठे पाणी भरायला गेला असला तर तो परत येईपर्यंत बाहेर उभे. उन्हाळ्यात, पुलगावच्या उन्हात! मी एकदा चिडून म्हटलं, "सर, एवढा मानपान तर जावयालाही लागत नाही." सर नुसते हसले. भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं सोडून, लष्करी डेपोतली चांगली नोकरी नाकारून हा माणूस मास्तरकीला का चिकटलाय, हेही मला कळत नसे. डेपोवाल्यांनी तर बोलावणं पाठवलं होतं. सर म्हणाले होते, "तिथं साहेब 'ए, इकडे ये' म्हणीन. नाई पाहिजे." मी मनात म्हटलं, घ्या, केवढा हा ताठा.

आता मूळ त्रासाकडे येते. सर विज्ञानकथा लिहीत होते.

माणूस चंद्रावर जाऊन आला तेव्हापासून जो तो यान-बिनांच्या गोष्टी लिहायला लागला होता. दिवाळी अंक त्या गोष्टींनीच भरलेले. पण सरांची गोष्ट एकच, आणि ती संपता संपेना. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला धरलं. म्हणाले, "बाई, दोन सूर्य असले तर वारे कसे वाहतीन?" मी भूगोलाची म्हणून मला विचारलं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पुढची कितीतरी वर्षं माझी मधली सुट्टी त्या दोन सूर्यांनी खाल्ली.

गोष्ट अशी होती. नाचणगावचं एक माणूस दूरच्या ग्रहावर जातं. तिथं वारा बदलला की माणसं बदलतात. उन्हाळ्यात बाप झालेलं माणूस हिवाळ्यात बाळंत होतं. कोणी दर वाऱ्याला बदलतं, कोणी जन्मभर बदलत नाही, कोणी मधेच थांबतं आणि तिथंच सुखानं राहतं. कोणी कोणाला विचारत नाही की तू आज कोण. सगळ्यात मोठी मौज म्हणजे त्यांच्या भाषेत क्रियापदाला शेपटी नाही. आला, आली, आलं असं काही नाहीच. यायचं आणि सांगायचं, बस्स.

कल्पना चांगली होती, नाही कशाला म्हणू? पण सरांची अट अशी की गोष्ट सांगणारा जो "मी" आहे, तो बाई का बुवा हे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कळता कामा नये. वर माझ्यावर कामगिरी: सर वाचतील, मी ऐकायचं, आणि जिथं "मी"ची शेपटी दिसेल तिथं टाळी वाजवायची.

मराठीत हे काय सोपं आहे? मी जातो म्हटलं की बुवा, जाते म्हटलं की बाई. तोंड उघडलं की सापडलात. पण सरांनी वाटा शोधून ठेवल्या होत्या. डब्यातली भाकर हातात धरून मला शिकवायचे, "मी भाकर खाल्ली. कोणी खाल्ली, बाईनं का बुवानं? कळलं? नाई कळत. कारण क्रियापद भाकरीकडे पाह्यते, माझ्याकडे पाह्यतच नाई." हे म्हणताना चेहरा असा उजळायचा की भाकरीनं त्यांच्यावर उपकार केलेत.

झालं असं की त्यांचा अंतराळवीर नुसता खात सुटला. भाकर खाल्ली, पाणी घेतलं, तारे पाहिले, पुन्हा भाकर खाल्ली. यानात बसणार कसा? "बसलो" चालत नाही, "बसले" चालत नाही. दोन महिने तो यानाच्या दाराशी ताटकळत होता. शेवटी मीच ओरडले, "अहो, 'आसन घेतलं' लिहा आणि उडवा एकदाचं!" सरांनी उठून मला नमस्कार केला. यान उडालं. मग उतरताना पुन्हा तेच. "पाऊल टाकलं" सुचेपर्यंत पोळा आला.

वर्गातही त्यांचं हेच. लिंग शिकवताना बाकावर दगड ठेवायचे. "हा दगड. तोच नदीत असला का खडक, देवळात नेला का शिळा. तो झाला, ती झाली. दगडाले विचारलं कोणी?" पोट्टे म्हणायचे, "नाई सर!" सर म्हणायचे, "मग आपण तरी विचारून घेत जाऊ." आणि परीक्षेत मात्र शिळा पुल्लिंगी लिहिली तर गुण कापायचे. काय म्हणावं या माणसाला!

एवढं सगळं जमवून गोष्ट अडली ती शेवटच्या वाक्याशी. माणूस परत पृथ्वीवर येतं, नाचणगावात आपल्या घराशी उभं राहतं, दार वाजवतं. आतून आई विचारते, "कोण?" आता उत्तर द्यायचं. इथं भाकर कामाची नव्हती.

मी म्हटलं, "लिहा ना, 'माझं येणं झालं.' तुमचंच वाक्य."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्यात येणं हाये, बाई. मी कुठं हाये त्यात?"

"मग 'मला यावं लागलं' लिहा."

"तेही झालं. लागलं, वाटलं, घडलं. जन्मभर तेच तर चाललंय. आईनं विचारलं, कोण? तर 'मी' म्हणून काही सांगावं की नाई? एवढ्या दूर जाऊन परत यायचं अन दारात उभं राहून कोणी नाईच?"

मला इतका राग आला! एका वाक्यासाठी वर्ष जायचं, दिवाळी अंकाची मुदत जायची, सर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे आणि मी पुन्हा टाळ्या वाजवायला बसायची. माझ्या पोरी शाळेत जायला लागल्या, मिलमध्ये संप झाले आणि मिटले, तो माणूस आपला दारातच उभा.

मग दुर्बिणीचं प्रकरण झालं. शाळेच्या प्रयोगशाळेतली एकुलती एक दुर्बीण एका सोमवारी जागेवर नव्हती. सर ती अधूनमधून ग्रह-तारे बघायला घरी न्यायचे, हे सगळ्यांना माहीत. हेडमास्तरांनी चौकीत कळवलं. हवालदार नवा होता, सरांच्या बोलण्याची त्याला सवय नाही. त्यानं साधं विचारलं, "रविवारी रात्री तुम्ही कुठं होते?"

सर म्हणाले, "माझं असणं घरीच होतं."

"म्हणजे तुम्ही घरी होते?"

"असणं होतं."

हवालदाराला वाटलं, हा माणूस शब्द चोरून राह्यला, म्हणजे दुर्बीणही यानंच चोरली. बसवून ठेवलं. शिपायानं मला येऊन सांगितलं, मी वर्ग सोडून धावत गेले. चौकीत बाकाच्या टोकाला सर बसलेले, दोन्ही हात मांडीवर, घामानं सदरा भिजलेला. हवालदार माझ्यावरच उखडला, "अजी बाई, तुम्हीच सांगा याइले. मी म्हनून राह्यलो, फक्त 'मी घरी होतो' एवढं बोला अन जा. एवढंबी बोलत नाई हा माणूस!"

"सर, बोला ना," मी म्हटलं. "दोन शब्द आहेत. बोला आणि चला."

सरांनी मान हलवली. नाही.

माझा संताप अनावर झाला. मी हवालदाराच्या टेबलावर हात आपटून ओरडले, "अहो, सर घरी होते! रविवारी माझ्या घरून दुपारी गेले ते त्यांच्या घरीच होते! लिहा!"

सरांनी एकदम मान वर केली. असे बघत राहिले माझ्याकडे, जसं मी काही फार मोठं बोलले. मला त्याचाही राग आला. हवालदारानं लिहिलं आणि सोडलं. दुर्बीण दोन दिवसांनी संमेलनाच्या पडद्यांच्या ट्रंकेत सापडली, हेडमास्तरांनी स्वतःच ठेवलेली.

चौकीतून परत येताना सर सायकल हातात धरून चालत होते. रेल्वे फाटक बंद होतं म्हणून थांबलो. मी म्हटलं, "काऊन असं करता, सर? एक 'होतो' म्हणायला काय जातं तुमचं?"

सरांनी सायकलचा ब्रेक दाबून धरला. मालगाडी जात होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "'होतो' म्हटलं का खोटं बोलल्यासारखं वाटते मले, बाई. लहानपणापासून वाटते. अन 'होते' म्हटलं तर लोक हासतीन. म्हणून मधून वाट काढा लागते."

मालगाडी संपेना. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, डोळे भरून आले. आणि त्यावर रागही आला. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं व्याकरण व्याकरण करून माझं डोकं खाल्लं! हे आधी नाही सांगता आलं? मी हसले असते का?"

"तुमचं नाई माहीत," सर म्हणाले. "माझी हिंमत नाई झाली."

"लिहा आता," मी म्हटलं. "त्या दारातल्या माणसाला आत तरी घ्या. कोण हसतं ते मी बघते."

सरांनी त्या वर्षी लिहिलं. शेवटची ओळ मला वाचून दाखवली नाही. कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. आतून आई विचारते, कोण? आणि उत्तर होतं: "मी. मी आले." मी टाळी वाजवली नाही. कागद परत दिला आणि म्हटलं, "पाठवा."

वर्ध्याच्या एका छोट्या दिवाळी अंकात गोष्ट छापून आली. मी अंक उघडला तो थेट शेवट बघायला. "मी. मी आलो."

एक काना! एवढी पानं "मी"ला सांभाळून, जपून, भाकर खाऊ घालून आणलं आणि शेवटच्या शब्दाला काना जोडून दिला. सरांच्या आधी मीच वर्ध्याला जायला निघाले, सर मागून आले. संपादक बिचारे साधे होते, चहा मागवला. म्हणाले, "सर, अख्ख्या कथेत शुद्धलेखनाची एक चूक नाई! शेवटी तेवढा एक काना सुटला होता, तो मीच बसवला. यान चालवणारा माणूस 'आले' कसा म्हणीन?" आणि आभाराची वाट बघत बसले. मी काहीतरी तिखट बोलणार तेवढ्यात सर म्हणाले, "चहा छान हाये." आणि उठले.

मग त्यांनी खिशातलं अर्धं ब्लेड काढलं.

पुढचे दोन आठवडे सर पुलगावात अंक शोधत हिंडले. न्हाव्याच्या दुकानात, डॉक्टरच्या दवाखान्यात, ज्या मास्तरांनी विकत घेतला त्यांच्या घरी. घंटी वाजवायची, अंक मागायचा, शेवटचं पान काढायचं आणि तो एक काना खरवडायचा, वरची मात्रा तशीच ठेवून. न्हावी म्हणाला, "सर, दाढीचं काम माझं, तुम्ही कायले ब्लेड चालवून राह्यले?" वर्ध्याच्या वाचनालयात मला बरोबर नेलं, कारण तिथले ग्रंथपाल कडक. आणि पकडलंच त्यांनी. "काय चाललंय हे?"

सर शांतपणे म्हणाले, "मुद्रणदोष आहे."

ग्रंथपालांनी चष्मा लावून पान बघितलं. "अहो, आता तर चूक झाली! आधी बरोबर होतं." मी त्यांना म्हटलं, "ज्यांनी गोष्ट लिहिली त्यांना ठाऊक असेल ना काय बरोबर ते!" माझा आवाज असा चढला की वाचत बसलेली माणसं वळून बघायला लागली. परतीच्या गाडीत सर म्हणाले, "बाई, तुम्ही फार ओरडता." मी उलट्या दिशेला पवनारच्या बसनं गेले असते तरी चाललं असतं, असं मला वाटलं, म्हणजे निदान दोन गावं लांब तरी गेले असते या माणसापासून.

माझ्या घरचा अंक तेवढा राहिला. सर म्हणाले होते, रविवारी येणं होईल. पण मला धीर निघेना. मीच शनिवारी ब्लेड घेतलं आणि काना खरवडायला बसले. माझा हात काही सरांचा नव्हे. काना गेला आणि त्याच्याबरोबर कागदही गेला. तिथं तुरीच्या डाळीएवढं भोक पडलं. शब्द कसाबसा राहिला.

रविवारी दुपारी मी चहा टाकला होता. सासूबाई आतल्या खोलीत गहू निवडत होत्या. दार वाजलं. घंटी नाही, हातानं वाजलं.

"कोण?" मी विचारलं.

बाहेर चपला वाजल्या. मग बाहेरून आवाज आला, हळू, पण नीट ऐकू येईल असा.

"मी. मी आले."

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोन आलं व?"

मी दार उघडलं. सर उभे होते, सायकल भिंतीला लावलेली, हात रिकामे, आणि चेहरा असा की कोणी हसलं तर तिथूनच मागे फिरतील. सासूबाईंना उत्तर द्यायला पाहिजे होतं. मी रोज देते तेच दिलं, त्यात मला काही विचार करावा लागला नाही.

"सर आले."

सर उंबऱ्याबाहेरच थांबले. "ऐकलं का, बाई?"

"काय?"

"माझं अन तुमचं. एकच शब्द."

माझ्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडायला लागला. सर सांगत होते, "घरी 'आला'. गल्लीत 'आला'. भावाच्या दुकानात 'आला रे'. नोकरीच्या पहिल्या दिवशी फाटकाशी गेल्याबरोबर शिपाई ओरडला, सर आले. तिथंच उभं राहून ठरवलं मी, हे सोडायचं नाई. रोज एकदा तरी कोणी बरोबर म्हणीन."

म्हणजे ते फाटक! तो ताठा! आणि चौकीत मी ओरडले होते, "सर घरी होते."

"तेव्हा वाटलं, बाईंले कळलं," सर म्हणाले.

"मला काय कळणार कपाळ! मी भूगोलाची!" मी ओरडले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मागे चहा उतू जात होता. "अहो, हा शब्द तर आम्ही सगळे रोज तुमच्याबद्दल बोलतोय! त्यासाठी दोन सूर्य कशाला पाहिजे होते? बाहेर काय उभे आहात अजून, आत या!"

आणि सर आत आले.